मंत्र्यांच्या अर्धं वाक्य मागे

महानंदा बिराजदार आमच्या सोसायटीत राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच बैठकीत मला वाटलं, या बाई जप करतायत. विषय लिफ्टचा होता. कंपनीचा माणूस हिंदीत समजावत होता, मधेच इंग्रजीत शिरत होता, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या या नव्या बाईंचे ओठ सारखे हलत होते. कान दिला तर जप नव्हता. "...त्यामुळे मोटर बदलण्याचं काम या करारात येत नाही, त्यासाठी सभासदांना वेगळा निर्णय घ्यावा लागेल..." तो माणूस बोलत होता आणि त्याचंच बोलणं, त्याच्या अर्धं वाक्य मागे राहून, या बाई स्वच्छ मराठीत पुटपुटत होत्या. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्या थांबल्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "जुनी सवय. नोकरीच तशी होती."

मी शाळेत विज्ञान शिकवते. एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंबर तलावाकडे फिरायला निघाल्या तशी मीही चपला अडकवून मागे गेले.

दिल्लीला संसदेत त्या मराठीच्या दुभाषी होत्या. सभागृहाच्या वरच्या अंगाला काचेच्या छोट्या खोल्या असतात. आत दोघांनी बसायचं, कानाला हेडफोन, समोर माइक. खाली कुणी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायला लागलं की इकडे मराठी सुरू, तो थांबला की थांबायचं. थोड्या थोड्या वेळाने जोडीदाराने माइक घ्यायचा, कारण त्याहून जास्त वेळ डोकं टिकत नाही. ज्या खासदाराला मराठीतून ऐकायचं असेल तो ऐकतो. अलीकडे ते मोबाइलवरही ऐकायला मिळतं.

"पण एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं कसं?" मी विचारलं.

त्यांनी मला प्रयोगच करायला लावला. घरी येऊन टीव्हीवर हिंदी बातम्या लावल्या आणि म्हणाल्या, "चला, या निवेदिकेच्या मागोमाग मराठीत सांगा." दुसऱ्याच वाक्याला माझी वाचा बसली.

"तुम्ही शब्द धरायला जाता," त्या म्हणाल्या. "शब्द जाऊ द्यायचे. माणूस काय म्हणतोय ते धरायचं. आणि नकार जपायचा. इंग्रजीत 'नाही' आधी येतं, मराठीत शेवटी. तेवढा वेळ ते सुपारीसारखं गालात धरून ठेवायचं. एकदा माझ्या एका सहकाऱ्याच्या गालातून ते सुटलं, आणि मंत्र्यांनी न दिलेलं आश्वासन त्याने मराठीत देऊन टाकलं. बिचारा आठवडाभर जेवला नाही."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत अधिवेशन चालू असताना त्यांनी घशासाठी तिखट खाल्लं नव्हतं. सोलापूरच्या बाईने शेंगाचटणीशिवाय दिवस काढायचे म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. निवृत्त होऊन आल्यावर त्या दोन्ही वेळा चटणी खायच्या, तीही कडक भाकरीवर तेल घालून. खोकला झाला तरी खायच्या. कोमट पाण्याचा स्टीलचा थर्मास मात्र कायम पिशवीत. भाजी घ्यायला निघाल्या तरी.

आणि त्यांना संरक्षण खात्याच्या प्रश्नोत्तरांचं वेड होतं. मला याचं नवल वाटायचं. बाई तर फटाक्यालाही दचकणाऱ्या.

"तोफा-रणगाड्यांचं मला काही नाही हो," त्या म्हणायच्या. "बाकीचे मंत्री उठतात, योजना सांगतात, आकडे सांगतात, बसतात. संरक्षणमंत्र्याला सभागृहात खोटं बोलता येत नाही आणि सगळं सांगताही येत नाही. सदस्य विचारतो, अमुक भागात सैन्य किती आहे, त्यावर खर्च किती झाला. मंत्री उभे राहतात. आता वाक्य कुठे वळणार, कुणालाच माहीत नसतं. मी आपली त्यांच्या मागून. चिखलात बांधावरून चालतो ना, तसं. पुढच्याने पाय कुठे टाकला ते बघून आपला टाकायचा."

मंत्री चिडले तर? "तर माझा आवाज एक पायरी चढणार, दोन नाही." पाणी प्यायला थांबले तर? "तर मीही थांबणार. ते पाणी पितायत की उत्तर शोधतायत, हे वरून बरोबर दिसतं. पण ते मराठीत सांगायचं नसतं."

शब्दांची त्यांची एक चाचणी होती. नवा शब्द आला की संध्याकाळी दिल्लीहून वळसंगला वहिनीला फोन लावायच्या. वळसंग त्यांचं गाव, सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर. थोरला भाऊ वारला होता. वहिनी कस्तुरा आणि तिचा मुलगा सिद्धाराम, एवढेच घरात. दोघी नणंद-भावजया फोनवर निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायच्या.

"वहिनी, 'भांडवली खर्च' म्हटलं तर काय कळतं?"

"हीर पाडली तर भांडवली. बैलाला पेंड घातली तर दुसरा."

"आणि 'तैनाती'?"

"पोरगं घरी न्हाय, येवढं कळतं."

कारण तोवर सिद्धाराम फौजेत गेला होता. गाड्या आणि जनरेटर दुरुस्त करण्याचं काम त्याच्याकडे होतं.

मंत्र्यांचं एक ठरलेलं वाक्य महानंदाताईंच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते घरीदारी निघायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही लग्न का नाही केलं?" ताई शांतपणे म्हणाल्या, "व्यापक हित लक्षात घेता याचा तपशील सभागृहासमोर ठेवता येणार नाही." आजींना ते इतकं पटलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नव्हता. वळसंग अर्ध्या तासावर. सणवार आले, गेले. ताई सोलापुरात फ्लॅट घेऊन एकट्या राहत होत्या, आणि गावाला एकदाही गेल्या नव्हत्या. फोनवरचे कस्तुरावहिनींचे किस्से सांगायच्या, पण ते सगळे जुने. एकदा मी सहज म्हटलं, "रविवारी गाडी मोकळी आहे, वळसंगला जाऊन येऊ या का?" त्यांनी तेच ठरलेलं वाक्य टाकलं. पण या वेळी हसल्या नाहीत. मग मीही विषय काढला नाही.

बऱ्याच दिवसांनी तलावाच्या कडेला बाकावर बसलो असताना त्यांनी आपणहून सांगितलं.

ताई दिल्लीत नोकरीत असतानाच्या एका हिवाळ्यात सिद्धाराम कुठेतरी उंचावर, बर्फात होता. कुठे, ते घरच्यांनाही माहीत नव्हतं. फोन कधी लागायचा, बहुतेक वेळा नाही. अंगणवाडीच्या बाईंनी कस्तुरावहिनींना मोबाइलवर संसद लावायला शिकवलं होतं. मराठी आवाज सुरू झाला की वहिनी मोबाइल शेंगा फोडायच्या सुपात ठेवायच्या आणि ऐकत बसायच्या. विषयाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जोडीदाराचा आवाज आला की बंद करायच्या, नणंदेचा आला की चालू.

एके दिवशी प्रश्न आला तो बर्फातल्या जवानांच्या कपड्यांचा. किती जवान तिथे तैनात आहेत, त्यांच्या हिवाळी कपड्यांवर काय खर्च झाला, आणि ते कपडे वेळेत पोचले का. मंत्री उठले. जवानांची संख्या सांगता येणार नाही, म्हणाले. खर्चाचे आकडे दिले. आणि मग जे म्हणाले ते ताईंनी मराठीत म्हटलं: "मी या सभागृहाला ग्वाही देतो, की तिथल्या प्रत्येक जवानापर्यंत गरम कपडे पोचले आहेत. त्यांच्या काळजीत मी कोणतीही कसर राहू देणार नाही."

"आमच्या कामात असंच बोलायचं असतं," ताई मला म्हणाल्या. "'मंत्री म्हणाले की' असं म्हणायचं नाही. ते 'मी' म्हणाले तर मीही 'मी'च म्हणायचं. सदस्य 'मी' म्हणाला तरी 'मी'. दिवसभरात मी किती जण असायची."

वहिनींनी गल्लीभर सांगितलं. वन्संनी संसदेत सांगितलंय, सिद्धूला काही कमी पडायचं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी फौजेच्या इस्पितळातून फोन आला. सिद्धारामच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्फाने गेली होती. कापावी लागली.

वहिनींनी दिल्लीला फोन केला. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुमीच म्हनलाव की."

"वहिनी, ते मी नव्हते बोलत. ते मंत्र्यांचं बोलणं. मी फक्त मराठीत..."

"आवाज तुमचा हुता की, वन्सं."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि नंतर कधी उचलला नाही. ताई भाच्याला इस्पितळात भेटून आल्या. वळसंगलाही गेल्या. पण वहिनी शेतातून घरीच आल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून ताई परत फिरल्या.

"पुढच्या अधिवेशनात," ताई म्हणाल्या, "कोणी एक सदस्य साधंच काहीतरी बोलत होते. 'मी सरकारला विचारू इच्छितो.' आणि माझी जीभ 'मी'वर अडली. पुढे जाईचना. जोडीदाराने माइक ओढून घेतला. मराठी ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, लाइन गेली. निवृत्तीपर्यंत काम केलं पुढेही. पण दर 'मी'ला आधी थोडं थांबायला व्हायचं. ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं."

मी विचारलं, "मग दिल्लीहून परत सोलापूरलाच का आलात? पुण्याला राहता आलं असतं."

"इथून वळसंगची एसटी दिसते," त्या म्हणाल्या.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी त्यांचा मला फोन आला. "मॅडम, जरा येऊन बसता का? भाचा आलाय." आवाज नेहमीसारखा नव्हता. मी गेले. सोफ्याच्या कडेवर एक उंच, काळासावळा तरुण बसला होता. केस बारीक कापलेले. चहाचा कप त्याने डाव्या हातात धरला होता. ताई त्याच्यासमोर खुर्चीत, हात मांडीवर घट्ट.

मी आल्यावर तो उठून उभा राहिला. मग बसला आणि माझ्यासमोरच, जणू मला साक्षीला बोलावलं असावं तसा, बोलायला लागला.

"आत्या, कपडे पोचले हुते. हातमोजे दोन-दोन जोड हुते. मीच काढला एक. जनरेटरची नळी गोठली हुती, तंबूत अकरा जण, गरम करायला दुसरं काय न्हाय. जाड हातमोज्यात स्क्रू धरता येईना. म्हनलं, दोन मिनटांचं काम हाय. दोन मिनटांत न्हाय झालं ते."

ताईंनी त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे आईला सांगितलंस?"

"लई येळा. ती म्हनती, तू आत्याची बाजू घेतूस."

"आता तुला कुठे पाठवलंय?"

"खाली. डेपोत. पन अर्ज दिलाय, परत वर पाठवा म्हनून. आईला सांगू नको."

"अरे, त्या हाताने?"

"तीन बोटांनी स्क्रू चांगला बसतो, आत्या. तू चल की वळसंगला. माझी सुट्टी संपायच्या आत चल."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली आणायला घरी गेले.

ताई मागे बसल्या. सिद्धाराम पुढे माझ्या शेजारी बसला होता आणि माझ्या गाडीच्या क्लचचा आवाज ऐकून तोंड वाकडं करत होता. वळसंगच्या घरापुढे लिंबाखाली कस्तुरावहिनी बसल्या होत्या. ठेंगण्या, डोईवर पदर. पुढ्यात तुरीची रास. ताई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांनी मान वर केली, ओळखलं आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

"ह्या कोन?" माझ्याकडे बघून त्यांनी लेकाला विचारलं.

"आत्याच्या शेजारी राहत्यात. शाळेत मॅडम हायेत."

"जेवून आल्यात का?"

मी नाही म्हणाले, कारण खरंच जेवले नव्हते. वहिनी उठून आत गेल्या. आमच्या तिघांपैकी नेमकं कोणासाठी, ते काही कळलं नाही. पण ताटं तीन आली. भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. ताईंच्या ताटात चटणीचा ढीग जरा मोठा होता. वहिनी उंबऱ्यावर बसून आम्हाला जेवताना बघत राहिल्या.

ताईंनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात थांबवला. "वहिनी, त्या दिवशी मी जे बोलले..."

"ऱ्हाऊ द्या."

"नाही, मला सांगायचंय. ते बोलणं..."

"मंत्र्याचं हुतं. मला ठावं हाय." वहिनींचा आवाज अगदी साधा होता. "तवाच ठावं हुतं, वन्सं. येवढी येडी न्हाय मी. पोरगं बी सांगतंय, हातमोजा मीच काढला म्हनून."

"मग?"

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "मग काय. पोराची बोटं गेली. रागवायचं कुनावर? त्या मंत्र्यावर? त्येला मी कुटं वळखते. फौजेवर? फौजेत तर माझं पोरगंच हाय. तिकडं एवढ्या लांब दिल्लीत मला वळखीचं मानूस एकच. तुमी. म्हनून तुमच्यावर रागावले." त्यांनी पदर सावरला. "दुसऱ्या कुनावर रागावले असते तर त्येला कळलं बी नसतं."

सिद्धाराम ताटाकडे बघत बसला होता. मी पाण्याचा तांब्या उगाच जवळ ओढला. ताईंचे डोळे भरून आले होते, पण त्या वहिनींकडेच बघत होत्या.

"आता एक इचारते," वहिनी म्हणाल्या. "मंत्र्याचं नगं. तुमचं सांगा. पोरगं परत वर जानार हाय का?"

सिद्धारामने मान वर केली आणि आत्याकडे बघितलं. मला ताईंचं सगळं आयुष्य माहीत झालं होतं असं वाटत होतं, पण आता त्या काय बोलतील याचा मला अंदाज नव्हता.

ताईंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. "त्याने अर्ज दिलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगू नको म्हणालाय. पाठवतील की नाही ते मला माहीत नाही. मला भीती वाटते, वहिनी."

"आत्या," सिद्धाराम म्हणाला.

"तू गप," वहिनी म्हणाल्या. मग नणंदेकडे वळून, "मला बी लई भ्या वाटतं." आणि कानडीत आणखी काहीतरी म्हणाल्या, ते मला समजलं नाही. ताईंनी कानडीतच उत्तर दिलं. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. सिद्धाराम माझ्यासाठी मराठीत सांगायला गेला, पण मी त्याला नको म्हणून खूण केली. ते माझ्यासाठी नव्हतं.

परत निघायच्या वेळी ताई गाडीजवळ आल्या, पण आत बसल्या नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. येईन मी एसटीने उद्या." त्या आल्या नाहीत. आठवड्याने फोन आला, माझ्याकडच्या किल्लीने फ्लॅटमधल्या कुंड्यांना पाणी घाला म्हणून. पुढे फ्लॅट भाड्याने दिला. सामान न्यायला सिद्धारामच टेम्पो घेऊन आला. काचेची भांडी त्याने स्वतः बांधली.

त्याचा अर्ज मंजूर झाला. सुट्टी संपून तो निघाला, तेव्हा स्टेशनवर सोडायला मी गाडी घेऊन गेले होते, कारण वहिनींना एसटीत उलटी होते. फलाटावर गाडी आली. सिद्धारामने आधी आईच्या पाया पडून घेतलं, मग आत्याच्या. वहिनींनी त्याच्या पिशवीत आणखी एक डबा कोंबला. ताईंनी त्याला काहीच सांगितलं नाही. काळजी घे असंही नाही. फक्त त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन तशाच उभ्या राहिल्या, गार्डची शिट्टी होईपर्यंत.

गाडी गेली. फलाट रिकामा होत गेला. मी पुलाच्या पायऱ्यांवर उभी राहून दोघींची वाट बघत होते. त्यांना काही घाई नव्हती. बाकावर बसून वहिनींनी पदराच्या गाठीतून भाजलेल्या शेंगा काढल्या होत्या. त्या एकेक सोलत होत्या आणि दाणे ताईंच्या तळहातावर ठेवत होत्या. ताई खात होत्या. गाडी गेली त्या दिशेला दोघींपैकी कोणीही बघत नव्हतं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. पूल उतरून बाहेर माझ्या गाडीत जाऊन बसले आणि काचा खाली करून ठेवल्या.